समुद्र नसलेल्या जिल्ह्यातला खारा किनारा

 

आजचा प्रश्न साधा आहे. बुलढाणा जिल्ह्याला समुद्र आहे का? शाळेतला कुठलाही पोरगा हसेल. इथून मुंबईचा समुद्र गाठायचा तर एसटीत अख्खी रात्र काढावी लागते. पण किनारा म्हणजे फक्त समुद्राचाच असतो असं कुठे आहे? खारं पाणी, काळसर चिखल, त्यात लांब पायांनी तोलत चालणारे पक्षी आणि कडेला कोरड्या क्षाराची पांढरी रेघ. हे सगळं आपल्या जिल्ह्यात आहे. लोणारला.

आश्विन सुरू झाला, पाऊस ओसरला, की या किनाऱ्यावर पाहुणे यायला लागतात. आज आपण या किनाऱ्याचा इतिहास बघू. पण एक गोष्ट आधीच सांगतो. लोणारचा लिखित इतिहास शेकडो वर्षांचा आहे, आणि त्यातल्या बहुतेक काळात पक्ष्यांकडे कोणी वळून पाहिलेलंच दिसत नाही.

आधी मीठ, मग दगड, मग पक्षी

लोणारचं विवर म्हणजे बसाल्टच्या, आपल्या काळ्या पत्थराच्या पठाराला पडलेला जवळजवळ गोल खड्डा. व्यास साधारण १.८ किलोमीटर. काठावर उभं राहिलं की खाली शंभर-सव्वाशे मीटरवर पाणी दिसतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या थोडा वर असतो. लोणारचा १० च्या आसपास. म्हणजे हे पाणी खारं तर आहेच, शिवाय सोड्यासारखं बुळबुळीत आहे.

आपल्या लोकांनी या खड्ड्याला पहिलं उत्तर दिलं ते पुराणातून. लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहायचा, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, तोच हा खड्डा. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं. दुसरं उत्तर हिशेबाचं होतं. अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाडाची माहिती दिली, त्यात मेहकर सरकारातल्या या जागेची नोंद आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यावर राज्याला चांगला महसूल होतो, असा त्याचा सूर. म्हणजे मुघल दरबाराच्या लेखी लोणार म्हणजे काय, तर क्षार.

तिसरं उत्तर दगडाचं. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. १८९६ मध्ये गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने अ‍ॅरिझोनातल्या एका मोठ्या खड्ड्याची तुलना थेट आपल्या लोणारशी केली. गंमत म्हणजे दोन्ही खड्डे ज्वालामुखीच्या वाफेने झाले असावेत अशा बाजूने तो झुकला होता, आणि दोन्हीबाबत चुकला. लोणार उल्केच्या आघाताने झालं याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. प्रचंड दाबाने बदललेली खनिजं इथल्या दगडात सापडली होती. वयाचा वाद मात्र अजून आहे. एक मोजणी बावन्न हजार वर्षं म्हणते, नंतरची एक मोजणी पाच लाख सत्तर हजार.

दैत्य, मीठ, ज्वालामुखी, उल्का. एवढी माणसं या खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. दर शरदात खाली पाण्यावर उतरणारे थवे त्यांच्या डोळ्यांसमोर नसतील असं नाही. पण त्यांच्या प्रश्नात पक्षी नव्हते. आणि जे प्रश्नात नसतं ते नोंदीत येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज अनुभवतो. ज्या गोष्टीसाठी डेटाबेसमध्ये रकानाच केलेला नाही, ती गोष्ट घडलीच नाही असं यंत्र समजतं.

कोण येतं, आणि का?

सैबेरिया, कझाकस्तान, तिबेट, लडाख. तिकडे थंडी पडायला लागली की पाणी गोठतं आणि खाणं संपतं. मग तिथले पक्षी दक्षिणेकडे निघतात. आर्क्टिकपासून हिंद महासागरापर्यंतच्या या आकाशमार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. सुमारे तीस देशांवरून तो जातो. आपला जिल्हा त्याच रस्त्यावरचा एक छोटा थांबा आहे, हायवेवरच्या धाब्यासारखा.

लोणारच्या काठावर सगळ्यात आधी लक्ष जातं ते शेकाट्याकडे. काळे पंख, पांढरं अंग आणि काडीसारखे लांब गुलाबी पाय. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. धोबी शेपटी हलवत चिखलावर पळत असतो. थंडी वाढली की चक्रवाक येतात. हेच आपले चकवा-चकवी. रात्री एकमेकांपासून दूर होऊन हाका मारत राहतात अशी ज्यांची कथा आहे तेच. विवराच्या उतारावरच्या झाडीत मोरांची तर वस्तीच आहे.

यांच्यासाठी हे सोड्याचं पाणी म्हणजे ताट आहे. या पाण्यात नेहमीच्या तळ्यासारखे मासे जगत नाहीत, पण हिरव्या-निळ्या सूक्ष्म शेवाळाचा नुसता खच असतो. त्यावर किडे आणि अळ्या पोसतात. त्यांच्यावर पक्षी. साखळी छोटी आहे, पण पक्की आहे. तिची एक कडी निघाली तर काय होतं, त्याकडे पुढे येऊच.

१२ नोव्हेंबरच्या दोन गोष्टी

आता लोणारवरून जरा लांब जाऊ. एक तारीख लक्षात ठेवा, १२ नोव्हेंबर.

१२ नोव्हेंबर १८९६. गिल्बर्टने लोणारची तुलना केली ते हेच वर्ष. मुंबईत सालिम अली यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. दहा-बारा वर्षांचं हे पोर छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारायचं. एक दिवस मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कुठली? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. ही संस्था १८८३ सालची. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, पीतकंठी चिमणी. आणि संस्थेतले पेंढा भरून ठेवलेले पक्षी त्या पोराला दाखवले. पुढचं सगळं आयुष्य त्या एका चिमणीमागे गेलं. १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राचं नावही तिच्यावरूनच आहे, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'.

आता दुसरी गोष्ट. १२ नोव्हेंबर १९३८. म्हणजे सालिम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. जागा राजस्थानातलं भरतपूर. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो महाराजांकडे पाहुणे म्हणून आले होते. ३९ बंदुका होत्या. संध्याकाळपर्यंत ४,२७३ पाणपक्षी मारले गेले. हा आकडा भरतपूरला दगडावर कोरलेला आहे. लाजेने नाही, अभिमानाने. तो विक्रम होता ना!

हे पक्षीही शरदातलेच पाहुणे. हजारो किलोमीटर उडून आलेले. आज आपण दुर्बीण घेऊन ज्या दिवसांत तळ्यावर जातो, तोच तेव्हा शिकारीचा हंगाम होता.

मला या गोष्टीत एक खटकणारी गोष्ट दिसते. मोजणी तेव्हाही होती. अगदी चोख, एकक-दशकापर्यंत. पण मोजले गेले ते मेलेले पक्षी. जिवंत किती आले आणि परत किती गेले, हे विचारणारे फार थोडे होते. सालिम अली त्या थोड्यांतले. आपण हे विसरायला नको की तेही बंदूक वापरायचे. त्या काळी पक्षीशास्त्र असंच चालायचं, आधी नमुना, मग नाव. पण १९४१ मध्ये त्यांचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं आणि सामान्य माणूस पक्षी न मारता ओळखायला लागला. स्वातंत्र्यानंतर भरतपूरचं तळं कोरडं करून शेतीला द्यावं अशी मागणी झाली, तेव्हा सालिम अलींनी थेट नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवलं. ज्या पाण्यावर ४,२७३ पक्षी पडले, ते आज केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे.

इराणमधल्या एका गावाचं नाव लोणारला कसं लागलं?

साठच्या दशकात जगभरच्या पक्षीवाल्यांना एक गोष्ट कळून चुकली. बदक एका देशात अंडी घालतं, दुसऱ्यात विसावतं, तिसऱ्यात हिवाळा काढतं. तुम्ही एका देशात कितीही कायदे करा, मधलं एक तळं बुजवलं की सगळं मुसळ केरात. म्हणून २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमध्ये कॅस्पियन समुद्रकाठच्या रामसर गावात करार झाला. विषय होता पाणथळ जागा, आणि कराराच्या मूळ नावातच पाणपक्ष्यांच्या अधिवासाचा खास उल्लेख आहे. भारताने पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा केला आणि शिकारीचे दिवस कागदावर तरी संपले. रामसर करार भारताला १९८२ पासून लागू झाला.

महाराष्ट्राला मात्र फार वाट बघावी लागली. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ जाहीर झालं ते थेट जानेवारी २०२० मध्ये. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरं नाव आलं, लोणार. तिसरं ठाण्याची खाडी, २०२२ मध्ये. रामसरच्या नोंदीत लोणारच्या १६० पक्षी जाती आहेत. त्यात पांढऱ्या मानेचा करकोचा आहे, छोटी लालसरी नावाचं बदक आहे. सोबत लांडग्याचीही नोंद आहे.

म्हणजे बघा, अबुल फजलच्या वहीत साबण आणि काच. चारशे वर्षांनी त्याच खड्ड्याच्या नोंदीत करकोचा आणि लालसरी. तळं तेच, फक्त रकाना बदलला.

२०२० हे साल

ते वर्ष सगळ्यांना भलत्याच कारणासाठी आठवतं. पण लोणारसाठी २०२० मध्ये तीन गोष्टी झाल्या.

जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. लॉकडाऊन होता, हातात मोबाईल होता, फोटो जगभर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि कारण सांगितलं. उष्णतेने पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले. त्यांच्यात गुलाबी रंगद्रव्य असतं. रोहित पक्ष्याचा, आपल्या फ्लेमिंगोचा गुलाबी रंगही त्याच्या खाण्यातल्या अशाच रंगद्रव्यांतून येतो. तळ्याचा रंग आणि पंखांचा रंग एकाच कुळातला!

दुसरी गोष्ट, राज्य सरकारने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह जाहीर केला. १२ तारीख सालिम अलींची हे आता तुम्हाला माहीत आहे. ५ नोव्हेंबर कोणाची? मारुती चितमपल्लींची. जन्म १९३२, सोलापूर. वनखात्यात छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली कितीतरी आपल्या विदर्भात. नवेगाव, नागझिरा, मेळघाट. सालिम अलींनी पक्ष्यांना पुस्तक दिलं, चितमपल्लींनी त्यांना मराठीत घर दिलं. आदिवासी, पारधी, कोळी यांच्या तोंडातली नावं त्यांनी गोळा केली आणि 'पक्षिकोश' केला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते सोलापुरात गेले.

नावाचं महत्त्व काय, तर परवा माझ्या आजोबांना फोनवर पक्ष्याचा फोटो दाखवला आणि इंग्रजी नाव सांगितलं. ते म्हणाले, "काय माहीत रे बाबू, आमच्याकडे नसन हे." मग मी म्हटलं, आबा, हा शेकाट्या. लगेच म्हणाले, "हाव ना, हे तर धुऱ्याजवळच्या डबक्यात येत होते. आता नाई दिसत." दोन वाक्यांत अख्खा अहवाल मिळाला. फक्त नाव बरोबर पाहिजे होतं.

आणि तिसरी गोष्ट रामसर, ती आत्ताच सांगितली.

बंदुका गेल्या, मग पक्षी का कमी होतायत?

हा या भागाचा खरा प्रश्न आहे. शिकारीवर बंदी आहे, अभयारण्यं आहेत, सप्ताह आहे. तरी 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा २०२३ चा अहवाल काय सांगतो? तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर तो उभा आहे. दीर्घकाळचा कल सांगता येईल एवढी माहिती फक्त ३३८ जातींची मिळाली, आणि त्यातल्या ६० टक्के जाती घटलेल्या आहेत. १७८ जाती तातडीने लक्ष देण्याच्या यादीत आहेत.

घटणाऱ्यांत कोण आहे माहितीये? नीळकंठ. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो. तारेवर बसणारा, उडाला की निळे पंख झळकवणारा. हा काही खोल जंगलातला दुर्मीळ पक्षी नाही. आपल्या शेताचा पक्षी आहे, किडे खाऊन जगणारा.

बंदुकीशिवाय पक्षी कसे मरतात याचं सगळ्यात भयंकर उदाहरण गिधाडांचं. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध जनावरांना दिलं जायचं. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण कळलं २००४ मध्ये, जनावरांसाठी औषधावर बंदी आली २००६ मध्ये. कोणाचीही गिधाडं मारायची इच्छा नव्हती. शेतकऱ्याला बैल बरा करायचा होता, एवढंच.

लोणारचा धोकाही असाच बिनबंदुकीचा आहे. वेडी बाभूळ पसरते, गावाचं सांडपाणी उतरतं, हे प्रश्न वर्षानुवर्षं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आहेत. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. तळ्यात गोडं पाणी वाढलं तर वरवर पाहता बरंच वाटेल. पाणी भरपूर, हिरवळ भरपूर, कदाचित बगळेही जास्त येतील. आपण म्हणू, वा, पक्षी वाढले! पण क्षार पातळ झाला की ते खास शेवाळ जाईल, त्यावरचे किडे जातील, आणि हे तळं जिल्ह्यातल्या कुठल्याही धरणासारखं होईल. धरणं आपल्याकडे आहेतच. नळगंगा आहे, पेनटाकळी आहे, खडकपूर्णा आहे. तिथेही हिवाळ्यात बदकं उतरतात आणि ती मोलाचीच आहेत. पण लोणार एकच आहे. म्हणून 'किती पक्षी' एवढं विचारून भागत नाही, 'कुठले पक्षी' हेही विचारावं लागतं.

मग आपण काय करायचं?

मी उपदेश करणार नाही, कारण मलाही पाच वर्षांपूर्वी टिबुकली आणि बदकाचं पिल्लू यातला फरक कळत नव्हता. पण तुमच्या खिशात जे यंत्र आहे त्याबद्दल बोलू शकतो.

ई-बर्ड नावाचं फुकट अ‍ॅप आहे. तळ्यावर पंधरा मिनिटं उभं राहा, दिसले ते पक्षी आणि त्यांची संख्या लिहा, पाठवा. अशाच याद्यांतून तो २०२३ चा अहवाल झाला. पण विचार करा, याद्या कुठून जास्त येतात? जिथे पक्षी जास्त आहेत तिथून नाही. जिथे पक्षी बघणारी माणसं जास्त आहेत तिथून. पुण्यातल्या टेकडीवर रोज सकाळी पाच जण यादी करतात. मोताळ्याच्या, देऊळगाव राजाच्या, संग्रामपूरच्या एखाद्या गावतलावावर वर्षभरात कोण करतं? तो तलाव आटला तर नकाशाला पत्ताही लागणार नाही. कारण तो तलाव नकाशावर कधी नव्हताच. मुघलांच्या रकान्यात पक्षी नव्हते, आपल्या रकान्यात गावतलाव नाहीत.

तर या पक्षी सप्ताहात एक सकाळ काढा. लोणारला जमलं तर लोणार, नाहीतर घराजवळचं कुठलंही पाणी. उन्हं वर यायच्या आधी जा. भडक शर्ट नको. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, तो बिचारा ते खरं समजून दमतो. ड्रोन तर नकोच. 'शेकाट्या, ६' एवढं लिहिलं तरी पुरे. आणि ओळख पटली नाही तर घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. गावचं नाव मिळेल, आणि तो पक्षी आधी कुठे दिसायचा हेही.

गेल्या वर्षी ८ नोव्हेंबरला मी लोणारला खाली उतरलो होतो. कमळजा देवीच्या मंदिराकडची बाजू. नवरात्राची गर्दी केव्हाच ओसरली होती. दीड तासात अकरा जाती झाल्या. एक बदक लांब होतं, ओळखता आलं नाही, तिथे नुसतं 'बदक, १' असं लिहिलं. वर येताना वाटेत काका भेटले, म्हणाले, "काय सापडलं मग?" मी फोन दाखवला. त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, "इतकेच? थंडी पडू दे, मग ये. चकवे अजून यायचे आहेत."

भरतपूरच्या दगडावर ४,२७३ हा आकडा कायमचा कोरलेला आहे. त्याच्यासमोर माझी अकरा जातींची यादी काहीच नाही. पण माझ्या यादीतले सगळे त्या संध्याकाळी जिवंत होते.

या वर्षी थंडी पडल्यावर परत जाणार आहे. चकवे आले का ते पुढच्या भागात सांगतो. तुमच्या तलावावर काय दिसलं ते तुम्हीही कळवा, मराठी नावासकट. भेटू!